परबांना निगेटिव्ह नको होतं

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत कुणाला ताप आला की माझी बेल वाजायची. "जरा येऊन रक्त काढून द्या ना, तुमचं तर रोजचंच आहे." माझं रोजचं ते नव्हतंच. रक्त काढणाऱ्या मुली वेगळ्या, आणि त्या माझ्यापेक्षा खूप हुशार. मी होते ती काढून आलेल्या रक्ताच्या पुढच्या कामाला. अंधेरीच्या एका लॅबमध्ये, काचेच्या आत, नळ्या, पिपेट आणि सतत गुरगुरणारी यंत्रं यांच्या संगतीत माझी सगळी नोकरी गेली. ज्यांचं रक्त तपासलं त्यातल्या शंभरातल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नसेल. आणि जी पाहिली, ती पाहिली नसती तर बरं झालं असतं असं वाटण्याइतकी त्यांनी माझ्या डोक्याची मंडई केली.

माझ्या वाट्याला बहुतेक काळ हिपॅटायटिस सी आला. ही एक कावीळच, पण हिच्यात डोळे पिवळे होतीलच असं नाही. वर्षानुवर्षं माणूस जेवतो, भांडतो, लग्नांना जातो आणि आत विषाणू यकृत पोखरत बसतो. पाण्यातून येत नाही, हात मिळवून येत नाही. रक्तातून येतो: वापरलेली सुई, पूर्वी न तपासता चढवलेलं रक्त, न्हाव्याचं पातं, आणि डायलिसिस. आता यावर गोळ्या आहेत. तीनेक महिने घ्यायच्या की बहुतेकांचा विषाणू साफ जातो. मी कामाला लागले तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तपासण्या दोन. पहिली अँटिबॉडीची. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध काही तयार करतं, ते आम्ही शोधतो. ही टेस्ट स्वस्त, झटपट, सगळीकडे होते. दुसरी पीसीआर, म्हणजे खुद्द विषाणू शोधायचा. कोविडनं आमच्यावर एकच उपकार केला, पीसीआर म्हणजे काय हे वॉचमनलाही सांगावं लागत नाही. गोम अशी की विषाणू गेला तरी अँटिबॉडी राहते. भाडेकरू घर सोडून जातो आणि दारावरची त्याची पाटी कुणी काढत नाही, तसं. पहिली टेस्ट पाटी वाचते. दुसरी दार उघडून आत बघते.

इतकं सोपं आहे. मी हे इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं आणि तरी समोरचा शेवटी विचारायचा, "ते सगळं ठीक आहे हो, पण पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?" या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे.

मुलुंडच्या एक शिक्षिका आल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी टेस्ट केली तर अँटिबॉडी निघाली, पीसीआर मात्र स्वच्छ. आयुष्यात त्यांनी यावर एक गोळी घेतलेली नव्हती. काही जणांचं शरीर आपलं आपणच विषाणूला हाकलतं, तसं झालं असणार. मी समजावलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मला आजार झाला आणि तो बराही झाला, आणि मला दोन्ही वेळा कळलं नाही?"

"हो."

"कधी झाला?"

"नाही सांगता येणार."

"कुठून झाला?"

"तेही नाही."

"मग तुम्हाला नक्की माहीत काय आहे?" वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरीला विचारावं तसं विचारलं त्यांनी.  त्याचं उत्तर मी अजून शोधतेय.

पण मला लिहायचंय ते परबांबद्दल. नाव बदलून लिहू का, असं मी विचारलं तर नवरा-बायको दोघंही म्हणाले, कशाला, परबच ठेवा, आमच्या वाडीत अर्धे परबच आहेत. तेव्हा परब.

साकीनाक्याला पत्र्याच्या गाळ्यात त्यांचा लोखंड तासायचा लेथ होता. वडील मिलमध्ये, हे लेथवर. साखरेनं दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस नशिबी आलं. म्हणजे सगळं रक्त बाहेर काढून यंत्रातून धुऊन परत आत घालायचं, एका वेळी चार-चार तास. त्या सेंटरवरच कधीतरी त्यांना हिपॅटायटिस सी लागला. कुणामुळे, कसा, ते कुणीच सांगू शकलं नाही. त्या सेंटरमधल्या सगळ्या पेशंटांचं रक्त ठरावीक काळानं आमच्याकडे यायचं. ज्यांच्यात अँटिबॉडी निघाली त्यांना तिथे वेगळ्या खोलीत, वेगळ्या मशीनवर बसवत. बाकीचे बाहेरच्या हॉलमध्ये. त्या खोलीला सगळे नुसतं 'आत' म्हणायचे.

परबांनी गोळ्यांचा कोर्स पुरा केला. डॉक्टरांनी पीसीआर सांगितली. माझ्याच हातून झाली. विषाणू सापडला नाही. आमच्या धंद्यात आनंदाच्या बातम्या कमी, त्यामुळे असा रिपोर्ट निघाला की मी त्या दिवशी चहात साखर घालून घ्यायचे.

रिपोर्ट सेंटरला जायच्या आधीच काउंटरवरून निरोप आला, कुणी गृहस्थ 'सी वाल्या मॅडम'ना भेटायचं म्हणून अडून बसलेत. बाहेर आले. काळेसावळे, उंच, हाताच्या कोपराजवळ डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर.

"मॅडम, हय काउंटरवर माझो रिपोर्ट निगेटिव्ह इलो म्हणतत."

"हो. अभिनंदन परब."

ते पुढे झुकले. "तसां लिवू नकात."

मला वाटलं यांचा घोटाळा झालाय. होतो लोकांचा, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं असं वाटतं काहींना, शब्दच तसा आहे. "अहो, निगेटिव्ह म्हणजे तुम्ही बरे झालात."

"बरो झालंय ता माका म्हायत आसा. पण लिवू नकात."

मी त्यांना बाकड्यावर बसवलं. मग जे ऐकलं ते असं. डायलिसिसवाल्या माणसाला खाण्यापिण्याची भयंकर बंदी असते. नारळपाणी नाही, केळं नाही, लोणचं नाही, पाणीसुद्धा मोजून. पण त्या लोकांचा आपसातला एक रिवाज आहे: मशीन सुरू झालं की पहिल्या तासात जीभ मोकळी सोडायची. काय खाल ते मशीन धुऊन काढतं, असा हिशेब. डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि काही डॉक्टर तिकडे बघतही नाहीत. बाहेरच्या हॉलमध्ये सिस्टरची नजर असल्यामुळे हे जमत नसे. आतल्या खोलीत मात्र परब आणि घाटकोपरचे मनसुखभाई असे दोघंच. सकाळची पाळी, दार लोटलेलं. परबांच्या डब्यात घावणे, कधी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण. मनसुखभाईंचा ढोकळा. सुंगटांच्या दिवशी मनसुखभाई तोंड भिंतीकडे करून पडत, पण गप्पा चालू. निगेटिव्ह झालं की परबांना बाहेर काढणार, आणि बाहेर दुपारच्या पाळीतच जागा होती. म्हणजे गाळ्यावरचं कामही गेलं आणि मनसुखभाईही गेले.

"अहो, पण मनसुखभाईंचा विषाणू गेलेला नाही," मी म्हटलं. "ते अजून गोळ्या घेत नाहीत. तुम्ही आतच राहिलात तर तो परत लागू शकतो. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं काही या आजारात नसतं."

"लागलो तर परत गोळ्यो खातलंय," परब हसून म्हणाले.

मी चिडले. मी लवकर चिडते, हे लॅबमधल्या कुणालाही विचारा. म्हटलं, रिपोर्ट हा काही तुमच्या पसंतीनं भरायचा मसाला नाही. जे आहे तेच जाईल. परब उठले, हात जोडले आणि गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला खटकलं. नुसता डबा आणि गप्पा जाणार म्हणून माणूस अंधेरीपर्यंत येतो का?

सेंटरची ठरावीक अँटिबॉडी आणि डॉक्टरांनी सांगितलेली पीसीआर, दोन्ही रिपोर्ट गेले. अँटिबॉडी आहे, विषाणू नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरवरच्या सिस्टरचा फोन.

"मॅडम, तुमच्या एका कागदावर परब पॉझिटिव्ह आणि एकावर निगेटिव्ह. तुमची लॅब एकदा काय ते ठरवेल का?"

"दोन्ही बरोबर आहेत सिस्टर."

"दोन्ही कसे बरोबर असतील? मी पेशंटला अर्धा आत आणि अर्धा बाहेर बसवू का?"

मी पाटी आणि भाडेकरू सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पण अँटिबॉडी आहे ना? मग आमच्याकडे नियम आहे, आतच." आणि फोन ठेवला. मी आमच्या डॉक्टरसाहेबांना म्हटलं, रिपोर्टखाली दोन ओळी छापू या, की विषाणू गेल्यावरही अँटिबॉडी राहते. साहेब म्हणाले, आपलं काम निकाल द्यायचं, त्यांनी काय करावं ते ते बघतील. बरोबरच असेल त्यांचं. पण खरा रिपोर्ट देऊनसुद्धा परबांना हवं होतं तेच झालं, याचं मला हसू यावं की रडू यावं, कळेना.

पुढच्या महिन्यात परब परत आले. बरोबर एक ठेंगणी, खमकी बाई. पिवळी साडी, हातात प्लास्टिकची फाइल. त्यांच्या मिसेस, सुनंदा. मी त्यांना पाहून चमकले, कारण त्या स्वतःचं रक्त द्यायला आल्या होत्या.

"मी किडनी देतेय ह्यांना," त्या म्हणाल्या, जणू बँकेत खातं उघडायला आल्यात. "सगळं जुळलंय. फक्त ह्यांची ती सी ची भानगड मिटली की हॉस्पिटल तारीख देणार. मिटली ना मॅडम?"

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी परबांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते.

"माझ्या हातून झालेल्या टेस्टमध्ये विषाणू नव्हता," मी म्हटलं. "ऑपरेशनआधी हॉस्पिटल परत एकदा करून घेईल."

"मग हे अजून आत कसे काय बसतात? सिस्टर म्हणते आतच. हे म्हणतात लॅबवालेच म्हणतात आत." सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच वाटलं, मी कुठेतरी तसं म्हटलं असेन.

काउंटरवर गर्दी होती. कुणाचं तरी बाळ रडत होतं. परब बोलले ते इतक्या हळू की आम्हा दोघींना पुढे वाकावं लागलं.

"मी सांगितलंय मॅडमक. निगेटिव्ह लिवू नकात म्हणान."

"कित्याक?" सुनंदाच्या तोंडून पण गावचं निघालं.

"तुका कापतले." परबांचा आवाज फुटला. "माझा काय, माझा संपलाच हा. तू धडधाकट. बरी हिंडतस, फिरतस. तुका टेबलावर घालून कापतले माझ्यासाठी. आणि तुका काय झालां तर मी काय करतलंय? माका परत सी लागूंदे. तारीखच पडूची नको."

म्हणजे डबा, मनसुखभाई, सकाळची पाळी, ते सगळं खरं होतं, पण वरवरचं. हा माणूस मुद्दाम त्या खोलीत बसून परत आजारी पडायची वाट पाहत होता. मी इतकी वर्षं लोकांना निगेटिव्हसाठी देवाला नवस करताना पाहिलंय. पॉझिटिव्हसाठी जीव टाकणारा हा एकच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

मला वाटलं सुनंदाही रडणार. ती भडकली.

"कुणी सांगितलं मी तुमच्यासाठी देतेय? अहो, पहाटे उठून डबा करते, तुम्हाला रिक्षात घालून नेते, चार तास त्या बाकड्यावर बसते. तुमचं बीपी पडलं की धावते. घरी आलात की तुम्ही झोपता आणि मी तुमच्याकडे बघत बसते, श्वास चालू आहे ना म्हणून. आठवड्यातून तीन दिवस. ही माझी किडनी मी माझ्यासाठी देतेय. मला माझं आयुष्य परत हवंय. तुम्हाला नको असेल तर सांगा, मी कुणा परक्याला देते."

आजूबाजूची माणसं थांबून ऐकत होती. परबांनी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "परक्याक नको."

त्याच दिवशी सुनंदानं सेंटरवर जाऊन काय गोंधळ घातला ते मला नीट माहीत नाही. एवढं कळलं की तिनं पीसीआरचा कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवेपर्यंत हलली नाही. परब बाहेरच्या हॉलमध्ये आले, दुपारच्या पाळीत. गाळा भावाकडे दिला. मनसुखभाईंनी निरोप पाठवला म्हणे, की ढोकळा आता एकट्याला जात नाही.

पण मधले आठवडे तर परब आतच होते. तेवढ्यात विषाणू परत शिरला असेल तर? हॉस्पिटलनं भरतीच्या आधी ताजी पीसीआर मागितली. परत लागलेला निघाला तर परत गोळ्या, परत महिने, तोवर परबांचं हृदय किती तग धरेल याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती. हे सगळं सुनंदानं मला फोनवर सांगितलं. माझा नंबर तिनं काउंटरवरच्या मुलीकडून कसा काढला, देव जाणे. म्हणाली, "रिपोर्ट आधी मला सांगायचा, ह्यांना नाही."

असं सांगायचं नसतं. मी हो म्हटलं.

ती टेस्ट मी स्वतः लावली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. यंत्राच्या पडद्यावर रेषा दिसतात. विषाणू असला की रेष एका जागी वर उचलते, नसला की सपाट राहते. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. तसं करायची काही गरज नसते, यंत्र आपलं आपण सांगतं. इतकी वर्षं मी तसं कधी केलंही नव्हतं. परबांची रेष सपाट राहिली.

फोन केला. "सुनंदाताई, नाही सापडला. स्वच्छ आहे."

 पलीकडे कुकरची शिट्टी. मग तिनं गॅस बंद केल्याचा आवाज.

"म्हणजे आता होणार," ती म्हणाली.

"हो, होणार."

"मॅडम, तुमचं मशीन चुकू शकतं ना?"

"क्वचित."

"मग एकदा परत लावाल?"

 एरवी लोक परत लावा म्हणतात ते पॉझिटिव्ह आलं की. ही बाई कशासाठी सांगत होती? खात्री हवी होती, की दुसऱ्यांदा वेगळं काही निघालं तर बरं असं तिला वाटत होतं? काउंटरवर नवऱ्याला झापणारी ती बाई हीच ना? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं तरी काय सांगितलं असतं.

नळीत प्लाझ्मा उरला होता. साहेब म्हणाले, "निकाल स्पष्ट आहे, परत कशाला?" मी म्हटलं, "नातेवाइकांना शंका आहे." "कसली शंका?" "ते त्यांनाही माहीत नाही." साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि हातानं, लावा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परत तेच आलं. मी तिला कळवलं.

"बरं," सुनंदा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आता बॅग भरते. मॅडम, संध्याकाळी माझा फोन आला तर उचलू नका, मी परत एकदा लावा म्हणेन."

संध्याकाळी घरी भाजी निवडत बसले होते तेव्हा फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव. मी मेथीची जुडी खाली ठेवली, हात पुसले आणि फोन हातात घेऊन बसले. बराच वेळ वाजला. थांबला. लगेच परत वाजायला लागला, आणि मी तो उचलला नाही.